चौकटीतील काळ : भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक अध्यापनातील चलचित्र-विश्लेषणाचा इतिहास

बीजशब्द : चलचित्र-विश्लेषण, प्रारूप, गतिशास्त्र, प्रात्यक्षिक, मराठवाडा

प्रस्तावना

बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या भौतिकशास्त्राचा प्रारंभ बहुधा गतीच्या समीकरणांनी होतो. विस्थापन, वेग, त्वरण या संज्ञा विद्यार्थ्याला शालेय वर्गांपासून पाठ असतात. परंतु त्याच विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत प्रत्यक्ष गती मोजावयास क्वचितच मिळते. दंड-लंबक, जडचक्र यांसारख्या प्रयोगांत तो वीस आवर्तनांना किंवा ठरावीक फेऱ्यांना लागणारा काळ मोजतो व सूत्रात घालतो. वस्तू एका क्षणी कोठे होती आणि पुढच्या क्षणी कोठे गेली, ही नोंद त्याच्या प्रयोगवहीत नसते. त्याचे कारण साधनांत आहे. दीड मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू साधारण ०.५५ सेकंदात जमिनीवर पोहोचतो; स्टॉपवॉचची कळ दाबणाऱ्या माणसाच्या प्रतिसादालाच सुमारे ०.२ सेकंद लागतात. अशा हाताने मुक्तपतन मोजणे शक्य नाही. म्हणून आवर्तनी गतीचा आश्रय घ्यावा लागला आणि गतिशास्त्राचा मूळ गाभा फळ्यावरच राहिला.

ही उणीव भरून काढण्याचे साधन चित्रफितीच्या रूपाने एकोणिसाव्या शतकातच उपलब्ध झाले होते. तरीही ते प्रारंभिक वर्गांतील विद्यार्थ्याच्या हाती येण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला. हा विलंब कशामुळे झाला, आणि मराठवाड्यातील मुखेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी त्याचा अर्थ काय होतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. चलचित्र दाखविणे आणि चलचित्रावरून मोजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत व शिक्षणाच्या इतिहासात त्यांची दीर्घकाळ गल्लत झाली, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

मोजण्यासाठी जन्मलेले चित्र

पडणारी वस्तू फार वेगाने पडते, ही अडचण गॅलिलिओलाही होती. त्याने चेंडू उतरत्या फळीवरून सोडून गती मंद केली आणि पाण्याच्या घड्याळाने काळ मोजला. समान कालखंडांत तोडलेली अंतरे १ : ३ : ५ : ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात असतात, हा त्याचा निष्कर्ष १६३८ च्या ग्रंथात आला. गती मंद न करता तिची क्षणोक्षणीची नोंद घेण्याचा मार्ग मात्र छायाचित्रणाने खुला केला. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी गुंटूर येथे आलेले फ्रेंच शास्त्रज्ञ झांसेन यांनी पुढे १८७४ च्या शुक्र-अधिक्रमणासाठी छायाचित्रणाचे 'रिव्हॉल्व्हर' वापरले. १८७८ मध्ये मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ मारे यांनी १८८२ पासून एकाच काचेवर समान कालांतराने अनेक प्रतिमा उमटविण्याचे तंत्र विकसित केले. या मंडळींना मनोरंजन करावयाचे नव्हते. चित्र त्यांच्यासाठी मोजपट्टी आणि घड्याळ यांचा संयोग होता. १८९५ नंतर ल्युमिएर बंधूंच्या खेळांनी हेच तंत्र पडद्यावर नेले आणि मोजणाऱ्यांपेक्षा पाहणाऱ्यांची संख्या अर्थातच वाढली.

महाराष्ट्रात हे तंत्र आले ते पडद्याच्या वाटेने. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांचा खेळ झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी त्यानंतर इंग्लंडहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथे एका कुस्तीचे चित्रण केले. डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी रँग्लर र. पु. परांजपे यांच्या स्वदेशागमनाचेही चित्रण केले. केंब्रिजच्या गणित परीक्षेत अग्रस्थान मिळविलेला गणितज्ञ या देशातील अगदी सुरुवातीच्या चित्रफितींपैकी एकीचा विषय व्हावा, हा योगायोग लक्षणीय आहे. मात्र त्या फितीवरून काहीही मोजता आले नसते. त्या काळचे कॅमेरे हाताने फिरविले जात. सेकंदाला साधारण सोळा चौकटी पडत. पण दोन चौकटींमधील काळ चालविणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असे. चौकटींमधील कालांतर निश्चित नसेल, तर चित्रफीत घड्याळाचे काम करू शकत नाही. हा मुद्दा पुढे मोबाईलच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

चौकट आणि काळ यांचा संबंध महाराष्ट्रात ज्याने प्रथम प्रयोगाने दाखविला, तो प्रयोगशाळेतील नव्हे तर चित्रपटसृष्टीतील माणूस होता. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून परतल्यावर कुंडीत वाटाणे पेरून त्यांच्या वाढीचे चित्रण केले. महिन्याहून अधिक काळाची ही वाढ पडद्यावर सुमारे एका मिनिटात दिसत असे. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखला जाणारा हा लघुपट भांडवल मिळविण्यासाठी दाखविला गेला आणि त्यातूनच १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. चित्रपटाच्या इतिहासात या लघुपटाचा उल्लेख नेहमी येतो. विज्ञानशिक्षणाच्या इतिहासात मात्र तो सहसा आढळत नाही. डोळ्याला न दिसणारा बदल चौकटींच्या अंतरावर नियंत्रण ठेवून दृश्य करता येतो, हे तत्त्व त्यात पूर्णपणे आले होते. अंकुराशेजारी एक मोजपट्टी उभी केली असती तर उंची-काल आलेखही निघाला असता.

पाहण्याचे युग

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत भौतिकशास्त्राच्या शालेय शिक्षणाची फेरमांडणी झाली. १९५६ मध्ये एम.आय.टी. येथे जेरोल्ड झकारियास यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भौतिकविज्ञान अभ्यास समितीने पाठ्यपुस्तकाबरोबर अनेक चित्रपट तयार केले. लुकलुकत्या प्रकाशात घेतलेली पडत्या चेंडूची बहुप्रतिमा छायाचित्रे पुस्तकांत छापली गेली आणि विद्यार्थी मोजपट्टी घेऊन त्यांवरून अंतरे मोजू लागले. मारे यांचे तंत्र अशा रीतीने वर्गात आले. परंतु त्याच समितीचे चित्रपट, उदाहरणार्थ ह्यूम आणि आयव्ही या टोरांटोच्या प्राध्यापकांचा १९६० चा संदर्भचौकटींवरील प्रसिद्ध चित्रपट, पाहण्यासाठीच होते. ते उत्कृष्ट होते. पण प्रेक्षकाच्या हाती त्यांत काहीही नव्हते.

याच काळात मराठवाड्याची स्थिती काय होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. नांदेड, मुखेड, लातूर हा सर्व भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानाचे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. मराठी मातृभाषेच्या मुलाला भौतिकशास्त्रापर्यंत पोहोचण्यासाठी आधी भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे. नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० मध्ये निघाले, मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबादला स्थापन झाले. म्हणजे जगात बहुप्रतिमा छायाचित्रे वर्गात येत असताना या विभागात पदवीच्या प्रयोगशाळा नुकत्या उभ्या राहत होत्या. त्यांत जी उपकरणे त्या वेळी आली, त्यांच्याभोवतीच प्रात्यक्षिकांची यादी बांधली गेली आणि ती यादी पुढे दीर्घकाळ फारशी हलली नाही.

भारतात चलचित्र शिक्षणासाठी मोठ्या प्रमाणावर आले ते दूरचित्रवाणीच्या रूपाने. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत शेजारचे कर्नाटक व आंध्र प्रदेश होते; महाराष्ट्र नव्हता. मुलांसाठीचे काही विज्ञान कार्यक्रम मात्र मुंबईतील इस्रोच्या स्टुडिओत तयार झाले होते. पुढे १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे महाविद्यालयीन कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रसारित होऊ लागले व त्यासाठी पुण्यासह काही विद्यापीठांत माध्यम केंद्रे उभी राहिली. या कार्यक्रमांची भाषा प्रामुख्याने इंग्रजी होती. त्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रक्षेपित चित्र थांबविता येत नव्हते, मागे नेता येत नव्हते आणि त्यावर बोट ठेवून मोजता येत नव्हते. ठरलेल्या वेळी वीज असेलच याचीही ग्रामीण भागात खात्री नसे.

याच्या अगदी उलट दिशेने जाणारा एक प्रवाहही महाराष्ट्रात होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञ १९७० च्या सुमारास मुंबईच्या महापालिका शाळांतील विज्ञानशिक्षणाकडे वळले. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमालाही त्यांचे साहाय्य लाभले. १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले आणि त्याने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांबरोबर काम केले. केंद्राचे व्ही. जी. कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांनी १९८१ मध्ये विज्ञानशिक्षणातील भाषेच्या अडथळ्यावर लिहिले. पाठ्यपुस्तकाची भाषाच विद्यार्थ्याला विषयापासून दूर ठेवते, ही त्यांची मांडणी होती. 'त्वरण' की 'प्रवेग' या वादात आपण जितका वेळ घालविला, तितका ते दिसते कसे हे दाखविण्यात घालविला नाही, असे येथे नमूद करावेसे वाटते. प्रयोगाधिष्ठित शिक्षणाच्या या प्रवाहाकडे दृष्टी होती. चलचित्र मोजण्याचे स्वस्त साधन मात्र तेव्हा कोणाकडेच नव्हते.

मोजण्याचे युग

चित्र थांबविता येणे हा निर्णायक टप्पा ठरला. १९४० मध्ये कोसळलेल्या टॅकोमा पुलाची जुनी चित्रफीत फुलर, झोलमन आणि कॅम्पबेल यांनी १९८२ मध्ये लेसर-तबकडीवर आणली. एकेक चौकट हवी तशी पुढे-मागे नेता येत असल्याने विद्यार्थी पुलाच्या आंदोलनांचे मोजमाप स्वतः करू शकले. त्यानंतर संगणकाच्या पडद्यावर वस्तूच्या स्थानी टिचकी मारून निर्देशक नोंदविणाऱ्या आज्ञावली आल्या.

या टप्प्यावर झालेले संशोधन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हीदर ब्रासेल यांनी १९८७ मध्ये असे दाखविले की, गती घडत असतानाच आलेख उमटला तर विद्यार्थ्याला तो उमगतो. काही सेकंदांचा विलंब झाला तरी लाभ मोठ्या प्रमाणात घटतो. त्यावरून गतीचे चित्र आणि आलेख एकत्र दाखविले की काम होईल, अशी अपेक्षा निर्माण झाली. रॉबर्ट बाइख्नर यांनी १९९० मध्ये ही अपेक्षा तपासली. चित्र आणि आलेख एकाच वेळी दिसत होते, परंतु गतीवर विद्यार्थ्याचे नियंत्रण नव्हते. पारंपरिक पद्धतीच्या तुलनेत विशेष लाभ आढळला नाही. पुढे १९९६ मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चलचित्र-विश्लेषण अभ्यासक्रमात जितके अधिक मुरविले गेले तितके आलेख समजण्याचे कौशल्य वाढल्याचे दिसले. शिकणाऱ्याने कृती केली की नाही, हा यातील खरा फरक आहे.

कॅलिफोर्नियातील कॅब्रिलो महाविद्यालयाचे डग्लस ब्राऊन यांनी 'ट्रॅकर' ही आज्ञावली तयार केली आणि ती मुक्त परवान्याखाली सर्वांना विनामूल्य दिली. कॅब्रिलो हे दोन वर्षांचे, स्थानिक विद्यार्थ्यांसाठीचे महाविद्यालय आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. एकदा उतरवून घेतल्यावर तिला इंटरनेटची गरज लागत नाही. चित्रफीत उघडावी, चित्रातील ज्ञात लांबीच्या वस्तूवरून मापप्रमाण ठरवावे, अक्ष मांडावेत आणि प्रत्येक चौकटीत वस्तूवर खूण करावी, एवढीच कृती. सेकंदाला ३० चौकटी असतील तर दीड मीटरच्या पतनात सोळा-सतरा बिंदू मिळतात. पहिल्या चौकटीच्या काळात चेंडू अर्धा सेंटिमीटर सरकतो आणि पुढील प्रत्येक चौकटीत मागच्यापेक्षा सुमारे १.१ सेंटिमीटर अधिक. गॅलिलिओच्या विषम संख्या विद्यार्थ्याच्या टिचकीखाली एकामागून एक उमटतात. एखाद्या चौकटीतील वेग काढण्यासाठी आज्ञावली आधीच्या व नंतरच्या चौकटीतील स्थानांचा फरक घेऊन त्याला मधल्या काळाने भागते. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहांची 'तात्कालिकी गती' सांगितली, त्या तात्कालिकतेचा अर्थ समजण्यास ही वजाबाकी पुरेशी आहे.

मोजमापापेक्षाही मोठे पाऊल प्रारूपाचे आहे. ट्रॅकरमध्ये विद्यार्थी स्वतः बलाचे सूत्र लिहू शकतो. आज्ञावली त्या सूत्रानुसार लहान लहान कालखंडांनी एका काल्पनिक कणाची गती काढते आणि तो कण खऱ्या चित्रफितीवर चालविते. केवळ गुरुत्वबल लिहून पळसाच्या पानांचा हलका द्रोण सोडला, तर काल्पनिक कण द्रोणाला मागे टाकून खाली निघून जातो. मग हवेच्या रोधाचे पद जोडावे लागते. ते वेगाच्या प्रमाणात घ्यावे की वेगाच्या वर्गाच्या, हे ताडून पाहावे लागते. आपले सूत्र चुकले हे येथे परीक्षक सांगत नाही, द्रोण सांगतो. न्यूटनचा दुसरा नियम पाठ असणे आणि त्याने भाकीत करणे यांतील अंतर या एका प्रयोगात जितके स्पष्ट होते, तितके फळ्यावर होणे कठीण आहे.

मुखेड परिसराच्या संदर्भात

मुखेड हा नांदेड जिल्ह्यातील, कर्नाटक व तेलंगणाच्या सीमेजवळचा तालुका. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात तो येतो. येथील बहुसंख्य विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात आणि पुढे विज्ञान शाखेत इंग्रजी पुस्तकांना सामोरे जातात. एके काळी उर्दूचा होता तो उंबरठा आता इंग्रजीचा आहे. आलेख आणि बिंदू यांना मात्र माध्यम नसते. ज्वारीच्या राखणीला वापरली जाणारी गोफण या मुलांच्या घरची आहे. वर्तुळात फिरणारी वस्तू सुटल्यावर वक्र मार्गानेच जात राहते, असे अनेक शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही वाटते, हे मॅक्लॉस्की व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अमेरिकेत दाखविले होते. गोफणीतून सुटलेल्या दगडाचे वरून घेतलेले चित्रण आणि त्यावरील बिंदू हा प्रश्न एका तासात निकालात काढू शकतात. बैलगाडीच्या चाकाच्या धावेवर चुन्याचा ठिपका लावला तर चक्रज वक्र मिळतो आणि जमिनीला टेकणाऱ्या बिंदूचा वेग त्या क्षणी शून्य असतो हे दिसते. नागपंचमीच्या झोक्याला लंबकाचे लहान कोनाचे सूत्र का लागू पडत नाही, हेही तपासता येते.

यातील अडचणी लपविण्यात अर्थ नाही. मोबाईलचा कॅमेरा उजेड कमी झाला की चौकटींचा वेग आपोआप घटवितो. सावेदादांच्या मनगटाची अनिश्चितता येथे वेगळ्या रूपाने परत येते. म्हणून चित्रण अंगणात उन्हात करावे आणि चित्रात एक अंकदर्शी घड्याळ चालू ठेवावे. भरपूर उजेडाचा दुसराही उपयोग आहे. एका चौकटीसाठी झडप सेकंदाचा साठावा भाग उघडी राहिली, तर दीड मीटर पडलेल्या चेंडूची नऊ सेंटिमीटर लांब रेघ उमटते व खूण कोठे करावी हे कळत नाही. मोजपट्टी चेंडूच्याच प्रतलात हवी. ती मागच्या भिंतीला टेकविली की सर्व अंतरे चुकतात. इतकी काळजी घेऊनही मापप्रमाणात दोन टक्क्यांची चूक सहज राहते आणि गुरुत्वत्वरणात तेवढीच चूक उतरते. अचूकतेच्या बाबतीत काळजीपूर्वक केलेला दंड-लंबक या पद्धतीपेक्षा निःसंशय सरस आहे. त्यामुळे जुनी उपकरणे अडगळीत टाकावीत असा याचा अर्थ नाही. ती वेगळ्या प्रश्नाची उत्तरे देतात.

खरी अडचण उपकरणांत नाही, प्रयोगवहीत आहे. गुरुत्वत्वरणाचे पुस्तकी मूल्य ९८० सें.मी. प्रति सेकंद वर्ग. मुखेडचा अक्षांश सुमारे १८.७ अंश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची विचारात घेऊन प्रचलित सूत्राने हिशेब केला, तर येथील मूल्य सुमारे ९७८.४ येते. तरीही प्रयोगवह्यांत '९८०' हेच उत्तर पुनःपुन्हा आढळते, कारण अनेक ठिकाणी उत्तर आधी ठरते आणि निरीक्षणे त्यानुसार मागाहून भरली जातात. ही सवय एका विद्यापीठाची किंवा एका विभागाची नाही. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत प्रयोगशाळा बंद पडल्या, तेव्हा तर निरीक्षणे दिली गेली आणि आकडेमोड तेवढी मुलांनी केली. त्याच काळात मुलांच्या हाती कॅमेरा असलेले मोबाईल होते, पण त्यांचा उपयोग व्याख्याने पाहण्यासाठी झाला. दूरदर्शनचे युग लहान पडद्यावर पुन्हा अवतरले. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पाची अनुरूपणे मराठीत उपलब्ध आहेत, मुंबईच्या आय.आय.टी.ची मौखिक शिकवणी मराठीतून आज्ञावली शिकविते. साधनांचा तुटवडा हे कारण आता पूर्वीसारखे पुढे करता येणार नाही.

चित्रफितीवरून काढलेल्या निरीक्षणांचे वैशिष्ट्य असे की, ती मागाहून तपासता येतात. विद्यार्थ्याने ९६० किंवा ९९५ असे उत्तर लिहिले, तर त्याची फीत उघडून चौकटी मोजता येतात, मोजपट्टी कोठे होती हे पाहता येते आणि चूक कोठे शिरली ते त्यालाच सांगावयास लावता येते. यासाठी प्रयोगवहीत फितीचे नाव, चौकटींचा वेग, मापप्रमाणासाठी घेतलेली वस्तू व तिच्या मापातील संभाव्य चूक एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. मात्र प्रात्यक्षिक परीक्षेतील गुणदान सुधारल्याशिवाय त्या नोंदी कोणी करणार नाही. आज बाह्य परीक्षक शेवटची ओळ पाहतो, आणि ९८० लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. ९६० लिहून त्याचे कारण सांगणाऱ्याला किती गुण द्यावेत, याविषयी गुणपत्रिकेत रकाना नाही.